भिंगाखाली पाच घोडे

चादरीत गुंडाळून आणलं त्यानं चित्र,
लुनावर, गुडघ्यांत दाबून.
मे महिना, दुपारचे दोन,
टिळक चौकात कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं.

"अंबादास येमूल," म्हणाला, "भद्रावती पेठ.
बघा की ओ, वडिलांच्या वेळचं आहे.
पुण्याचा एक जण म्हणाला, लाखाच्या घरात जाईल."

पुण्याचे एक जण
लाखाच्या घरात फार सहज जातात.
मी पंखा बंद केला. चित्र पालथं घातलं.

मागूनच सुरुवात करतो मी.
चित्र पुढून बोलतं, मागून कबूल करतं.
चौकट चहाच्या खोक्याच्या फळीची,
वर सागवानी पॉलिश.
पुठ्ठ्यावर वाळवीनं काढलेली एक नदी,
पुठ्ठ्याखाली तेलुगू वर्तमानपत्र, साबणाची जाहिरात,
खिळे सात, त्यातले दोन नंतरचे.

मग पुढून.
तीन पांढरे, एक काळा, एक विटकरी,
पोटापर्यंत फेसाळ पाणी उडवत निघालेले.
एवढं पाणी आमच्याकडे चार दिवसांआड येतं,
तेही पहाटे तीनला.

"सात नाहीत," मी म्हणालो.
हल्ली सातच खपतात, तेही उगवतीकडे पळणारे.
पाचांना गिऱ्हाईक नाही.
तो चित्रातच आणखी दोन शोधू लागला,
आयाळीत, लाटेमागे,
जत्रेत हरवलेली पोरं शोधावीत तसा.

नझीर घड्याळवाल्याचं भिंग डोळ्याला लावलं.
आयाळ: ठिपके.
लाट: ठिपके.
नाकपुडीतली वाफ: ठिपकेच ठिपके,
निळे, पिवळे, गुलाबी, ओळीत उभे.
वरून रोगणाचे फराटे मारलेले,
बोटाला लागावं म्हणून.
"छापील आहे हो," म्हणालो.
हे वाक्य मी तीस वर्षं म्हणतोय,
अजून त्याला बरा चाल सापडलेला नाही.

तो काही बोलला नाही. चादरीची घडी घालू लागला.
माझं भिंग मात्र विटकरी घोड्यावर अडकलं होतं.

त्याच्या डाव्या डोळ्यात ठिपके नव्हते.

तिथं एक ओला गोल होता, ब्रशनं केलेला,
कडेला जरा थरथरलेला,
आणि आत, तिळाएवढा, पांढरा.
चॉकलेटी रंग असा,
की मी त्याच्या हातातल्या चादरीचा काठ ओढून
शेजारी धरला.

"हा डोळा कुणी काढला?"

"कसर लागली होती," तो म्हणाला.
"आई म्हणायची, आंधळं घोडं भिंतीला नको, भंगारात दे.
वडील गिरणीत नक्षी खात्यात. आलेखाच्या कागदावर
चौकोन भरायचे. मोर, कमळ, सगळं चौकोनात.
गिरणी बंद झाली तेव्हा घरीच होते की.
तीन दिवस बसले होते यापुढे.
आम्हाला वाटायचं, नुसतेच बघताहेत."

आता भाव.
काच दीडशे. चौकट शंभर, तीही पॉलिशची.
छापील कागद, कसर, वाळवी: वजनावर.
डोळ्याचा रकाना माझ्या वहीत नाही.
वहीवर पेन टेकवून बसलो,
शाईचा एक ठिपका पडला तेवढाच.

"तो डोळा तेवढा कापून फ्रेम केला तर?" त्यानं विचारलं.
मग स्वतःच हसला. "नको. घोडं काय करील बिचारं."

नवी काच बसवली. पैसे मोजून दिले त्यानं,
वर दहा रुपये जास्त, मी परत केले.
या वेळी चित्र पाठीला बांधलं, चादर दुमडून डिकीत.
लुना कन्ना चौकाकडे निघाली
आणि घोडे, पाचही, उलट्या दिशेनं,
माझ्या दुकानाकडे तोंड करून,
जोरात पळत पळत
लहान होत गेले.

चार जण समोर बघत होते.
एक माझ्याकडे.